शेपटीसकट माप

मापाडी पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा आक्काला तो सुतार वाटला होता, आणि हे ती आजही पोट धरून हसत कबूल करते. तिची तरी काय चूक म्हणा. काखेत लाकडी फळी, फळीच्या टोकाला उभा ठोकळा, कानामागे पेन्सिल, आणि चेहरा असा की माणूस चुकून दुसऱ्याच्याच लग्नात जेवायला बसलाय. त्यातून मागचं दार फुगून चौकटीत रुतलेलं, आणि आक्का कधीपासून सुताराच्या नावाने खडे फोडत होती.

"आलास एकदाचा," ती म्हणाली. "आधी दार, मग चहा."

"अहो, मी खरं म्हणजे—"

"तू खरं म्हणजे गेल्या महिन्यात यायला हवा होतास. रंधा आणलायस की तोही मीच देऊ?"

रंधा तिनेच दिला. बिचाऱ्याने चपला काढल्या, बाह्या दुमडल्या आणि दार तासलं. चांगलं तासलं, अगदी बोटाने ढकललं तरी सरकेल असं. मग चहा पिऊन झाल्यावर, कप धुऊन पालथा घालून, हळूच म्हणाला, "मी मासेमारी खात्याचा माणूस, माशांची मापं घेतो. नव्या जाळ्याची चाचणी आहे. तुमचे भाऊ घरात आहेत का?"

भावजय पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती तांब्यासकट खाली बसली हसत. आक्काचा धाकटा भाऊ आतून बाहेर आला तो डोळे पुसतच. त्या घरात पुढे बरेच दिवस कुणी असं हसलं नाही, म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

आता आक्का म्हणजे काय चीज आहे ते आधी कळायला हवं. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात पकडायचं, उरलेलं अर्धं स्वतःच पुरं करायचं आणि ते चुकलं की त्यालाच "नीट बोलत जा की" म्हणून झापायचं, ही तिची रीत. पण हात तोंडाहूनही जलद. जाळी शिवणं हा तिचा धंदा. लग्न होऊन गेली, नवरा तापाने गेला, आणि एका पत्र्याच्या पेटीसकट माहेरी परत आली ती अंगणात धाकट्याच्या बोटीची जाळी शिवायला बसली. अजून उठलेली नाही. जाळ्याच्या सुया ठेवायला तिच्याकडे बिस्किटांचा एक जुना डबा आहे, त्याला कुणी हात लावलेला तिला खपत नाही. तिने बुजवलेलं भोक मागाहून शोधून सापडत नसे. धक्क्यावर चेष्टा चालायची, की आक्काच्या हातात चाळण देऊ नका, ताट होऊन परत येईल.

पण जाळं शिवून उपयोग काय, आत यायला मासा नको? मासा आधी हाताएवढा यायचा, मग वितीएवढा, आता बोटाएवढा. अंडी घालायचं वय व्हायच्या आतच पिल्लं ढिगाने वर यायची, आणि तो ढीग कोंबड्यांच्या खाद्यासाठी दळायला जायचा. पुढच्या वर्षीचा मासा आपण यंदाच दळायला देतोय, हे धाकट्याला कळत होतं. शेजारच्या बोटीलाही कळत होतं. कळून सगळे तेच करत होते, कारण थांबेल तो आधी उपाशी राहील.

बोटी एकेक करून कायमच्या वर ओढल्या गेल्या. भंगारवाल्याने धाकट्याचीही बोट बघून ठेवली होती. कलिंगड पारखतात तशी फळ्यांवर टकटक करून गेला होता. म्हणाला होता, इंजिन चांगलं आहे, लाकूड जळायला जाईल. धाकट्याचं जाळं पार विरलेलं, आणि नव्या जाळ्याशिवाय पुढच्या हंगामाचं लायसन मिळणार नव्हतं. मेव्हण्याच्या शहरात शीतगृहात काम होतं. दोन खोल्या मिळणार होत्या. त्या दोन खोल्यांत धाकटा, त्याची बायको आणि दोघी मुली. आक्काने विचारलं नाही, आणि कुणी सांगितलं नाही. अंगण नसलेल्या घरात जाळी शिवणाऱ्या बाईचं काय काम, हे तिला न सांगताच समजलं होतं. बोट गेली की अंगण गेलं, आणि अंगण गेलं की ती.

म्हणून मापाड्याने जे सांगितलं ते त्या घरात देव बोलल्यासारखं ऐकलं गेलं. ज्या बोटीवर चाचणी पास होईल तिला नवं जाळं मिळेल आणि त्याच्यावर लायसन. चाचणी काय, तर जाळ्यातून पिल्लं निसटली पाहिजेत आणि मोठे मासे आत राहिले पाहिजेत. हंगामाच्या शेवटच्या खेपा तेवढ्या उरल्या होत्या. त्यानंतर मासेमारीला समुद्र बंद.

"निसटली की नाही ते कसं कळणार?" धाकट्याने विचारलं. "ती काय सांगून जाणार?"

"जाळ्याच्या मागच्या पिशवीवरून आपण बारीक जाळीचा एक झगा चढवायचा," मापाडी म्हणाला. "आतून निसटेल ते झग्यात पडेल. दोन्हीकडचे मासे मोजायचे आणि झग्यातले परत पाण्यात सोडायचे."

पहिल्या खेपेला सगळं मनासारखं झालं. जुन्या जाळ्याची भोकं शंकरपाळ्यासारखी तिरपी असतात. ओढ बसली की बाजारच्या पिशवीसारखी मिटून जातात आणि पिल्लांची वाट बंद होते. नव्या पिशवीला वरच्या अंगाने चौकोनी भोकांचा एक तुकडा जोडलेला होता. मापाडी त्याला खिडकी म्हणायचा. कितीही ओढा, ती भोकं उघडीच राहतात. झग्यात पिल्लं वळवळत होती आणि आत मोठे मासे होते, थोडे, पण होते. मापाडी एकेक मासा फळीवर ठेवायचा, तोंड ठोकळ्याला टेकवायचा आणि शेपटी जिथे दुभंगते त्या बेचक्यापर्यंत माप घ्यायचा. धाकट्याने घरी येऊन बायकोला सांगितलं, की बघू, एवढ्यात काही बांधाबांध नको.

त्याच खेपेत परतताना पुन्हा टाकलेलं जाळं मात्र तळाच्या खडकाला अडकलं आणि पिशवीचं पोट फाटलं. झगा वाचला. फाटकी पिशवी आली आक्काच्या अंगणात. सोबत मापाडीही आला, काहीतरी सांगायचंय म्हणून पायरीवर बसला.

"आक्का, पोटाकडचं फाटलेलं शिवायचं. पण त्या दुसऱ्या बाजूला जो तुकडा आहे ना—"

"तुकड्याचं राहू दे. आधी मला सांग, तू मासा बेचक्यापर्यंतच का मोजतोस? धाकटा म्हणत होता."

"तशीच पद्धत आहे. शेपटीची टोकं झिजतात, तुटतात. बेचकं पक्कं असतं."

"म्हणजे शेपटीची टोकं काय माशाची नव्हेत? शेजाऱ्याकडून उसनी आणलीत?"

"माशाचीच आहेत. पण माप घेताना—"

"तुझं माप घेताना मी पावलं सोडून देऊ का? घोट्यापर्यंत मापाडी, पुढचा सुतार."

मापाड्याला हसू आवरेना. तो म्हणाला, "सगळीकडे असंच मोजतात, आक्का." आक्का म्हणाली, "सगळीकडे चुकत असतील." असं बराच वेळ चाललं. मग धाकट्याने धक्क्यावरून डिझेल भरायला हाक मारली आणि मापाडी फळी उचलून पळाला. जे सांगायला आला होता ते पायरीवरच राहिलं.

आक्काने पोट शिवलं. मग पिशवी उलटी केली, तर दुसऱ्या अंगाला हा एवढा ढगळ तुकडा, भोकं सताड उघडी, कुणी नवशिक्याने घाईत विणल्यासारखी. तिने जिभेने च्यक केलं. असलं काम भावाच्या बोटीवर जाऊ देईल ती आक्का कसली. बोट वाचवायला आपल्या हातून एवढं तरी होतंय, या आनंदात तिने त्याच रंगाच्या धाग्याने, आडवं आणि तिरपं, अख्खी खिडकी बुजवून टाकली. इतकी सुबक, की ओल्या जाळ्यात ओळखू येऊ नये. धाकट्याने पिशवी उचलली तेव्हा ती म्हणाली, "बघ, आता पाणीसुद्धा विचारून जाईल." धाकट्याला ते पोट शिवल्याचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या खेपेला पिशवी वर आली ती फुगून. धाकटा आधी खूश झाला. मग ती सोडली आणि डेकवर पिल्लांचा चिखल पसरला. मोठा मासा क्वचित, बाकी सगळी बोटाएवढी, दबून मेलेली. झगा रिकामा. मापाडी गुडघ्यांवर बसून मोजत राहिला आणि त्याची मान खाली खाली जात राहिली. समुद्र उसळलेला, जाळं कोपऱ्यात ढिगाऱ्यासारखं फेकलेलं. त्याला वाटलं, गाळाने भोकं धरली असतील. तसं असलं तरी निकाल तोच होता. एकही पिल्लू सुटलं नव्हतं.

धाकटा घरी आला, हात धुतले आणि बायकोला म्हणाला, "पोती काढ." भंगारवाल्याला त्याने निरोपही दिला, उद्या संध्याकाळी ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय स्वयंपाकघरात भांडी पोत्यात भरत होती. त्या आवाजाला कंटाळून आक्का अंगणात गेली. जाळं काठीवर वाळत घातलं होतं. पलीकडून ऊन येत होतं आणि सगळ्या जाळ्यातून जमिनीवर सावलीची नक्षी पडली होती. फक्त एका जागी नक्षी नव्हती. तिथे नुसता काळा चौकोन होता, पोत्याचं ठिगळ लावल्यासारखा.

आक्काने त्या चौकोनाच्या सावलीत हात धरला. मग वर पाहिलं. तिचेच टाके. तेव्हा कुठे तिला आठवलं, की मापाडी पायरीवर बसून त्या तुकड्याचं काहीतरी सांगू बघत होता आणि आपण त्याला शेपटीवरून छळत होतो. ती मटकन खाली बसली. माहेरी परत आली त्या दिवशीही अशी बसली नव्हती.

भावजय पाणी टाकायला बाहेर आली. "वन्सं, काय झालं? चक्कर आली का?"

"मी बुजवली," आक्का म्हणाली. "पिल्लांची वाट. मीच बुजवली. जाळं चांगलं होतं गं."

भावजयीने जाळ्याकडे पाहिलं, सावलीकडे पाहिलं. आक्काला वाटलं, आता ही वर्षानुवर्षांचं सगळं काढणार. तसं काढायला बरंच होतं.

"मग इथे काय बसलाय?" भावजय म्हणाली. "जा की. मापाड्याची गाडी आहे आज."

बर्फाच्या कारखान्यावर माडीला मापाड्याची भाड्याची खोली होती. आक्का तो जिना चढली म्हणजे ओढत गेली स्वतःला. मापाडी चादरीची घडी घालत होता. फळी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती.

"खात्यातल्या साहेबांना फोनवर कळवलं मी," तिचं ऐकून झाल्यावर तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "जाळं नापास म्हणून कळवलं."

"जाळं नाही नापास. मी नापास. तसं सांग. बाईचं डोकं फिरलं होतं म्हणून सांग."

"चूक माझीही आहे. मी बोललो नाही."

"तुला बोलू कुणी दिलं?"

त्याने फोन लावला. आक्का दाराची कडी धरून उभी. साहेबांचं बोलणं खालच्या यंत्राच्या घरघरीत ऐकू येत नव्हतं, मापाड्याचं नुसतं "हो साहेब, कळतंय साहेब" चाललेलं. शेवटी त्याने फोन ठेवला. "उद्यापासून समुद्र बंद. आज जमलं तर एक खेप करा म्हणाले. डिझेल मात्र त्यांच्याकडे नाही."

धाकटा बोटीवर होता, इंजिनाचे नट सैल करून ठेवत होता, भंगारवाल्याला सोपं जावं म्हणून. आक्काने धक्क्यावर उभं राहूनच सगळं सांगितलं. त्याने पाना खाली ठेवला नाही. बराच वेळ तो हातातल्या पान्याकडेच बघत होता.

"आक्का, तू एकदा तरी कुणाचं ऐकून घ्यायचंस गं," तो म्हणाला. एवढंच. त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

मग त्याने सैल केलेले नट पुन्हा आवळले आणि टाकीत काठी बुडवून डिझेल पाहिलं. जाऊन यायला पुरलं असतं, जेमतेम. भंगारवाला तेही काढून नेणारच होता. "टाके सुटतील का?"

"माझे टाके सुटत नाहीत. कापावे लागतील. आणि खालचा एक जरी धागा कापला गेला तर खिडकी गेली."

"मग दुसरं कुणी कापू शकणार नाही."

"नाही."

"आणि इथे बसून कापत राहिलीस तर दिवस जाईल."

आक्काला उत्तर द्यावं लागलं नाही. साऱ्या बंदराला माहीत होतं, की जन्म जाळ्यांत गेला तरी ही बाई बोटीवर चढत नाही. धक्क्यावरून नुसतं डुलणारं डोलकाठीचं टोक पाहिलं तरी हिला मळमळतं. मापाड्याने अंगणातून जाळं आणून बोटीत टाकलं, आणि धाकट्याने आक्कापुढे हात केला. तिने आधी चपला दिल्या, मग कात्री, मग हात.

बंदराचं तोंड ओलांडलं आणि आक्काच्या पोटातलं सगळं बाहेर आलं. बादली मापाड्याने धरली. ती ओकायची, तोंड पुसायची, मांडीवरच्या पिशवीतला एक टाका उचलायची, त्याखाली करंगळी घालायची आणि कात्रीचं टोक करंगळीच्या नखावर टेकवून कापायची, म्हणजे चुकलं तर नख जाईल, धागा नाही. मग पुन्हा बादली. लाट आली की कात्री वर. आपणच इतकं घट्ट का विणलं, याचा तिला पहिल्यांदाच संताप आला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते ओकाऱ्यांचं की कशाचं, कोण बघतंय.

इतका वेळ सुकाणूवरून मागे न पाहणारा धाकटा अखेर ओरडला, "मापाड्या, आक्का गप्प आहे. जिवंत आहे का बघ."

"आहे," मापाडी म्हणाला. "पण बोलायला लावू नका, शेवटची ओळ आहे."

जाळं पाण्यात गेलं. बोट ते ओढत राहिली. डिझेलच्या टाकीत धाकटा पुन्हा पुन्हा काठी बुडवत होता आणि ओली खूण बोटाने झाकत होता, कुणाला दिसू नये म्हणून. आक्का डेकवर आडवी पडून आभाळाकडे बघत होती. तिला बोट नको होती, अंगण नको होतं. फक्त शीतगृहाच्या गावाला जाताना धाकट्याने आपल्याकडे त्या पान्याकडे पाहिलं तसं पाहू नये, एवढंच हवं होतं.

जाळं वर आलं. आधी झगा सोडला. पिल्लं. चमचमती, उड्या मारणारी, जिवंत पिल्लं. मापाड्याने भराभर मापं घेतली आणि बादलीने ती परत समुद्रात ओतली. मग पिशवी सोडली. डेकवर मोठ्या माशांचा एक लहानसा ढीग पडला. लहानसाच. धाकटा त्याच्याभोवती फिरला, जणू मागच्या बाजूने तो मोठा दिसेल.

"एवढाच?"

"एवढाच," मापाडी म्हणाला. "पण यात एकही पिल्लू नाही."

"एवढ्यावर घर चालायचं?"

मापाड्याला खोटं बोलता आलं असतं. "यंदा नाही चालणार. पुढच्या वर्षीही ओढाताण होईल. आत्ता सोडलेली मोठी झाली, आणि शेजारच्यांनीही सोडली, तर मग."

"शेजारचे," धाकटा म्हणाला आणि हसला. ते हसणं काही बघवत नव्हतं. मग त्याने बोट वळवली.

धक्क्याला येईपर्यंत इंजिन खोकायला लागलं होतं. भंगारवाला हातोडी घेऊन खुंटावर बसला होता. धाकट्याने दोर त्याच्याच अंगावर फेकला. "धर. बांध."

त्याने सवयीने बांधला आणि मग विचारलं, "इंजिन आज काढायचं ना?"

मापाडी कानाला फोन लावून उभा होता. त्याने धाकट्याकडे पाहून मान हलवली. नव्या जाळ्याला आणि लायसनला साहेबांनी हो म्हटलं होतं, एका हंगामापुरतं.

"आज नाही," धाकटा भंगारवाल्याला म्हणाला. "पुढच्या वर्षी विचार. तेव्हा कदाचित मीच तुला बोलावीन." हे तो गमतीत म्हणाला नव्हता, आणि भंगारवालाही हसला नाही.

घरी भावजयीने पोतं सोडायला घेतलं, कारण तवा तळाशी गेला होता. वरची भांडी काढली, पातेली काढली, आणि तव्याच्याही खाली, सगळ्यांत आधी भरलेला, फडक्यात गुंडाळून ठेवलेला, बिस्किटांचा डबा निघाला. आक्काच्या सुयांचा.

आक्काने डब्याकडे पाहिलं, मग भावजयीकडे. "माझ्या डब्याला हात लावलास?"

"लावला," भावजय म्हणाली. "तिकडे जाऊन सुया कुठे शोधत बसला असता? सरका, तवा ठेवू दे."

आक्काने डबा मांडीवर घेतला आणि उगाच झाकण उघडून सुया मोजल्यासारखं केलं. डोकं अजून लाटांवर डुलत होतं. मापाडी त्या ढिगातला एक मासा घेऊन आला होता, निरोपाचा. त्याची गाडी चुकलीच होती, तेव्हा जेवूनच जा म्हणून भावजयीने त्याला बसवलं.

"अख्खाच तळा," तो म्हणाला. "तव्यात मावेल."

"नाही मावणार," आक्का म्हणाली. बोटीवरून उतरल्यापासूनचं हे तिचं पहिलं धड वाक्य.

"मावेल, आक्का. मी मोजलाय." त्याने वर्तमानपत्र सोडून फळी काढली, तव्यावर आडवी धरली, मग मासा तिच्यावर ठेवून दाखवला. "हे बघा. तव्यापेक्षा बोटभर कमीच आहे."

"बेचक्यापर्यंत?"

"बेचक्यापर्यंतच मोजतात."

"टाक मग."

भावजयीने मासा तव्यात टाकला. तोंड या काठाला टेकलं, बेचकं त्या काठाच्या बोटभर आत राहिलं, आणि शेपटीची दोन्ही टोकं ऐटीत तव्याबाहेर उभी राहिली. त्यांतलं एक विस्तवावर चरचरायला लागलं. धाकटा दारात उभा राहून बघत होता. मापाडी वाकून शेपटीकडे बघत राहिला.

"ही टोकं कुणाची रे?" आक्काने विचारलं. "शेजाऱ्याची?"

मापाड्याने कानामागची पेन्सिल काढली, फळीच्या कडेला जिथे शेपटीची टोकं पोचली असती तिथे एक रेघ ओढली आणि फळी तिच्याकडे सरकवली.

"माशाची," तो म्हणाला.